नव्या ग्रंथपालाने व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळांवर किती दिसावे?

नवीनोंद यांचा प्रश्न

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी आठ महिन्यांपूर्वी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. ग्रंथालय लहान आहे; दाखलनोंदीपासून देवघेवीपर्यंतची सगळी कामे मी आणि एक सहायक मिळून करतो. माझ्या बरोबरीच्या बहुतेक पदवीधरांनी व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळांवर आपापली प्रोफाइल केव्हाच तयार केली आहेत. या पेशात माणूस बहुधा एकटाच काम करतो, तेव्हा ओळखी वाढवत राहा, असे आमच्या शिक्षकांनीही निरोपाच्या वेळी बजावले होते. सल्ला मला पटलेला आहे. तरीही त्या संकेतस्थळावर गेले की माझे मन अवघडते, आणि हे अवघडलेपण केवळ संकोचातून आलेले नाही असे वाटू लागल्यामुळे येथे विचारते आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एका त्रैमासिकाचे जुने अंक आहेत. त्याचे नाव दोनदा बदलले आणि नंतर ते पुन्हा पहिल्या नावावर आले. प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करावी की सगळे एकाच नोंदीत घ्यावे, आणि नोंदी स्वतंत्र केल्या तर त्या एकमेकींना कशा जोडाव्यात, यावर मी दोन दिवस अडले होते. शोधता शोधता अशा एका संकेतस्थळावर एका ज्येष्ठ ग्रंथपाल बाईंचे प्रोफाइल सापडले. नियतकालिकांच्या तालिकीकरणात, म्हणजे त्यांच्या ग्रंथालयीन नोंदी तयार करण्यात, त्यांची अनेक वर्षे गेली आहेत. मी त्यांचा सगळा अनुभव वाचला, त्या कोठे शिकल्या तेही पाहिले, आणि काहीही न लिहिता पान बंद केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संकेतस्थळाकडून मला ईमेल आला की त्यांनी माझे प्रोफाइल पाहिले आहे. म्हणजे मी त्यांचे पाहिल्याची सूचना त्यांनाही गेली असणार. कोणी काय वाचले आणि केव्हा वाचले, हे ज्याच्याविषयी वाचले त्याला कळवणे ही तेथली रीतच आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

त्याच दुपारी एक वाचक पुस्तक परत करायला आले. पुस्तक एका आजाराविषयीचे होते. मी बारकोड वाचून घेतला, पडद्यावर त्यांचे नाव त्या पुस्तकापासून सुटले, आणि मी पुस्तक पालथे करून बाजूच्या ट्रॉलीवर ठेवले. असे पालथे ठेवायला मला कोणी शिकवलेले नाही; मागे रांगेत उभ्या असलेल्यांना मुखपृष्ठ दिसू नये म्हणून हात आपोआप तसा वळला. सकाळचा ईमेल आणि दुपारचे ते पुस्तक या दोन गोष्टी तेव्हापासून माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या आहेत. दिवसभर ज्या गोष्टी झाकून ठेवणे हे मी माझे कर्तव्य मानते, त्याच गोष्टी उघड्या करून चालणाऱ्या ठिकाणी मी माझी व्यावसायिक ओळख कशी बांधावी?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माझ्या अडचणी समजतील अशी दुसरी व्यक्ती माझ्या इमारतीत नाही. त्या बाईंना मी लिहिले असते, तर कदाचित दोन दिवसांचा खोळंबा एका संध्याकाळीत सुटला असता. शिवाय हे पद मुदतीचे आहे, त्यामुळे पुढच्या कामाचा विचारही करावाच लागतो.

आणखी दोन गोष्टी मला खटकतात. एका अनोळखी व्यक्तीने माझ्या तालिकीकरणाच्या कौशल्याला दुजोरा दिला आहे, आणि मी केलेली एकही नोंद त्यांनी पाहिली असण्याचा संभव नाही. तो दुजोरा मी काढून टाकला, पण असे करणे उद्धटपणाचे ठरते का, हे मला कळत नाही. दुसरे म्हणजे, आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका वाचकाने जोडणीची विनंती पाठवली आहे. ती स्वीकारावी का? या पेशात बराच काळ घालवलेल्यांनी आपला अनुभव सांगितला, तर मी आभारी राहीन.


संदर्भटेबल यांचे उत्तर

तुमच्या पालथ्या पुस्तकापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ मला तेथे दिसते. हात आपोआप वळला असे तुम्ही लिहिले आहे, परंतु त्या सवयीमागे पेशाचा मोठा इतिहास आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ मध्ये आपली आचारसंहिता स्वीकारली, तेव्हाच वाचकांच्या संपर्कातून कळलेली खाजगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले गेले होते. ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे इफ्ला, याने २०१२ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेतही वाचकाच्या खाजगीपणाला मध्यवर्ती स्थान आहे. कोहासारख्या ग्रंथालयीन संगणकप्रणालीत तर आपल्या वाचनाचा इतिहास ठेवायचा की पुसायचा, हे सभासदाने स्वतः ठरवावे अशी सोय ग्रंथालयाला देता येते. तेव्हा तुमचे अवघडलेपण ही पेशाची शिस्त अंगी मुरत असल्याची खूण आहे, आणि ते घालवण्याच्या मागे तुम्ही लागू नये.

मात्र येथे एक फरक करायला हवा, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. आपण जे वचन दिलेले असते ते वाचकांविषयी असते. आपले स्वतःचे काम, आपण सोडवलेल्या अडचणी, आपण बांधलेला संग्रह यांना ते वचन लागू होत नाही. उलट हे सगळे झाकून ठेवल्याने नुकसान होते ते दुसऱ्या एखाद्या एकट्या ग्रंथपालाचे. माझ्या उमेदीच्या काळात मी अकरा वर्षे एका ग्रंथालयात एकटाच होतो. तेव्हा जी वर्गीकरणाची कोडी मी महिना महिना घालवून सोडवली, त्यांपैकी कित्येक इतरांनी आधीच सोडवलेली होती, आणि मी सोडवलेली आणखी कोणीतरी नंतर पुन्हा पहिल्यापासून सोडवली असतील. त्या वाया गेलेल्या महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

ओळखी कशा उपयोगी पडतात याविषयी थोडे सांगतो, कारण पुढच्या कामाची काळजी तुम्ही बोलून दाखवली आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये सैल ओळखींच्या सामर्थ्यावरचा आपला लेख प्रसिद्ध केला. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले होते की, ज्या व्यक्तीकडून ही बातमी कळली तिला त्या सुमारास तुम्ही कितीदा भेटत होता. वारंवार भेटत होतो असे म्हणणारे सुमारे १७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे सुमारे २८ टक्के. कारण उघड आहे: रोजच्या भेटीतल्या माणसांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, आणि दूरच्या माणसाकडे मात्र वेगळ्या वर्तुळातली बातमी असते. एकट्याने ग्रंथालय चालवणाऱ्याला हे दुप्पट लागू पडते, कारण रोजच्या भेटीत त्याच्या पेशातले कोणीच नसते.

हाच विचार लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या माहितीवर तपासून पाहणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. दोन कोटींहून अधिक वापरकर्ते आणि पाच वर्षांचा काळ, एवढी त्याची व्याप्ती होती. अगदी घट्ट आणि अगदी नाममात्र अशा दोन्ही टोकांच्या ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलताना अधिक कामी येतात, असा त्यातला मुख्य निष्कर्ष आहे. पण तो अभ्यास कसा झाला हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक खटकेल. ‘या व्यक्ती तुमच्या ओळखीच्या असू शकतील’ अशी जी यादी संकेतस्थळ दाखवते, ती वेगवेगळ्या लोकांना मुद्दाम वेगवेगळी दाखवून हे प्रयोग केले गेले होते, आणि आपण एखाद्या प्रयोगात आहोत हे त्या लोकांना वेगळे सांगितलेले नव्हते. संकेतस्थळ उपयोगी पडते याचा एवढा भक्कम पुरावा, आणि तो मिळवण्याची पद्धत अशी. मी स्वतः हे वाचूनही खाते ठेवले आहे. मात्र त्या यादीतून माणसे निवडत नाही. कोणाचा लेख वाचला, कोणाची नोंद उतरवून घेतली, कोणाशी चर्चासत्रात बोललो, त्यांनाच विनंती पाठवतो, आणि विनंतीबरोबर कामाविषयी दोन ओळी लिहितो.

तुमच्या बारीक प्रश्नांविषयी: तो दुजोरा काढून टाकलात हे योग्यच केले. ज्याने आपले काम पाहिलेले नाही त्याची साक्ष ग्रंथपालाने चालवून घेऊ नये. दुसऱ्याचे प्रोफाइल आपले नाव न दाखवता पाहण्याची सोय लिंक्डइनवर आहे. विनामूल्य खात्यात ती वापरली, तर आपले प्रोफाइल कोणी पाहिले हे आपल्यालाही दिसत नाही. मला हा सौदा न्याय्य वाटतो. पण त्या ज्येष्ठ बाईंच्या बाबतीत मी म्हणेन की, तुम्ही पाहिल्याचे त्यांना कळले आणि त्यांनी उलट तुमचे प्रोफाइल उघडून पाहिले, एवढे निमित्त लिहायला पुरेसे आहे. त्रैमासिकाचा प्रश्न त्यांना विचाराच.


मागचेकपाट यांचे उत्तर

मी माझे खाते तीन वर्षांपूर्वी बंद केले आणि त्यामुळे कामात काही अडले नाही, हेही येथे नोंदवले जावे असे वाटते.

ग्रंथपालांचे जाळे या संकेतस्थळांच्या कितीतरी आधीपासून विणलेले आहे, आणि ते नोंदींचे आहे. ओहायोमधल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन ओसीएलसी या सहकारी संस्थेची स्थापना केली, आणि १९७१ पासून एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला संगणकाच्या तारेवरून वापरता येऊ लागली. त्या जाळ्यात तुमच्या छायाचित्राला किंवा पदनामाला किंमत नव्हती. तुमची नोंद बिनचूक आहे की नाही, एवढेच पाहिले जाई. आजही मला माझ्या पेशातली माणसे भेटतात ती आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या पत्रव्यवहारातून, अनेक ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेतल्या दुरुस्त्यांतून, आणि कोहाच्या वापरकर्त्यांच्या समूहातून, जेथे एखादी त्रुटी नीट वर्णन करून कळवली की ती दुरुस्त करणारी व्यक्ती स्वतः उत्तर देते. कोहा ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० साली तेथे वापरात आली. तिचे भाषांतर, चाचणी, माहितीपुस्तिका अशी पुष्कळ कामे जगभरचे ग्रंथपाल आपला वेळ देऊन करतात. अशा एखाद्या कामात सहा महिने घालवा. तुमचे काम कसे आहे हे त्या लोकांना प्रत्यक्ष दिसेल, आणि दुजोऱ्याचा प्रश्नच उरणार नाही.

संदर्भटेबल यांच्या मताचा मी आदर करते, परंतु ज्या ठिकाणी राहायचे तर दर आठवड्याला नव्या सूचना, नवी आमंत्रणे आणि इतरांच्या बढत्यांच्या बातम्या वाचाव्या लागतात, तेथे मी माझा वेळ घालवू शकत नाही. मला त्यातून शिकायला काही मिळाले नाही. आपण मागे पडतो आहोत ही भावना मात्र मिळाली, आणि ती खरी नव्हती.


पानखूण यांचे उत्तर

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, त्यामुळे या प्रश्नाचे आणखी एक अंग मांडतो. तुम्ही पुढे शैक्षणिक ग्रंथालयात गेलात, तर संशोधकांसाठीची ओळखींची संकेतस्थळे तुमच्या रोजच्या कामाचा भाग होतील, कारण प्राध्यापक ‘माझा लेख तेथे चढवू का?’ असे विचारायला ग्रंथपालाकडेच येतात. तेव्हा उत्तर देता यावे म्हणून तरी ही ठिकाणे आतून पाहिलेली असावीत.

रिसर्चगेट आणि अकॅडेमिया डॉट ईडीयू ही दोन्ही संकेतस्थळे २००८ मध्ये सुरू झाली आणि दोन्ही खाजगी कंपन्या चालवतात. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी ‘ईडीयू’ आहे म्हणून ती शैक्षणिक संस्था असावी, असा समज मला फार ठिकाणी आढळला. ते नाव १९९९ मध्ये, म्हणजे हे शेपूट फक्त मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना देण्याचा नियम होण्याआधी, नोंदवले गेले होते, एवढाच त्याचा अर्थ आहे. लेखांच्या हक्कांवरून वादही झाले. २०१३ च्या अखेरीस एल्सव्हिएर या प्रकाशनसंस्थेने अकॅडेमियावरचे आपले लेख काढून टाकण्याच्या नोटिसा पाठवल्या. २०१७ मध्ये एल्सव्हिएर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी रिसर्चगेटवर जर्मनीत खटला भरला, आणि २०२३ मध्ये तो तडजोडीने मिटला. सामान्य संशोधकाला यांतले काही माहीत नसते. त्याला वाटते, लेख माझा आहे, तर पीडीएफही माझीच आहे. प्रकाशकाने मांडणी करून छापलेली प्रत, परीक्षणानंतर स्वीकारले गेलेले हस्तलिखित, आणि परीक्षणाआधीचा मसुदा, या तिन्हींचे नियम वेगवेगळे असतात हे त्याला शांतपणे समजावून सांगणे आणि कोणती प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवता येईल हे शोधून देणे, हे आपले काम आहे. मी अशा प्रत्येक वेळी संशोधकाबरोबर ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या प्रकाशकांची धोरणे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या नियतकालिकाचे धोरण उघडून पाहतो. पाच मिनिटे लागतात आणि पुढचा मनस्ताप टळतो.

ओळख आणि ओळखी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हेही मला या कामातून कळले. ऑर्किड ही सेवा २०१२ पासून चालू आहे आणि ती नफ्यासाठी चालवली जात नाही. तेथे संशोधकाला सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो, त्यामुळे सारख्या नावाच्या दोन लेखकांची गल्लत होत नाही, लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले तरी लेखन विखुरत नाही, आणि कोणती माहिती सर्वांना दिसावी, कोणती निवडक संस्थांना आणि कोणती कोणालाच नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे असते. तुमचे पान कोणी पाहिले याची वार्ता ऑर्किड तुम्हाला पाठवत नाही. एका लेखकाचे नाव सगळीकडे एकाच रूपात यावे म्हणून आपण ज्या अधिकृत नामनोंदी ठेवतो, त्यांच्याशी त्याचे नाते जवळचे आहे, म्हणून तुम्हाला ते आवडेल अशी माझी अटकळ आहे. ग्रंथपालानेही एखादा लेख, अहवाल किंवा सूची प्रसिद्ध केली असेल, तर असा क्रमांक जरूर घ्यावा.


नवीनोंद यांचा प्रतिसाद

तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. वाचकांविषयीचे वचन आणि स्वतःच्या कामाविषयीचा मोकळेपणा या दोन गोष्टी मी एकत्र करून टाकल्या होत्या, हे संदर्भटेबल यांच्या उत्तराने स्पष्ट झाले. ऑर्किडचा क्रमांक काल घेतला. पदवीच्या वेळी मी केलेली एक सूची छापली गेली होती, ती तेथे नोंदवली.

वाचकाच्या विनंतीचा प्रश्न मात्र राहिला आहे, आणि आता त्यात भर पडली आहे. आमच्याकडे नोकरी शोधणारी मुले येतात आणि संगणकावर बसून अशा संकेतस्थळांवर प्रोफाइल करून द्या, अशी मदत मागतात. माझ्या मनात शंका असताना मी त्यांना कोणत्या तोंडाने मदत करू?


देवघेवखिडकी यांचे उत्तर

मी सार्वजनिक ग्रंथालयात आहे आणि ही मदत आठवड्यातून दोनतीनदा करते. शंका असणाऱ्यानेच ती करावी असे माझे मत आहे, का ते सांगते.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आले होते. बऱ्याच वर्षांची नोकरी सुटली होती आणि मुलीने सांगितले म्हणून ते एका संकेतस्थळावर खाते काढायला बसले होते. नाव, पद, अनुभव एवढे आम्ही मिळून लिहिले. मग पडद्यावर एक मोठे निळे बटण आले आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत ‘नंतर’ असे लिहिलेले होते. ते बटण त्यांच्या ईमेलमधले सगळे पत्ते आत घेण्याचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘हे दाबायलाच लागतं ना?’ मी म्हटले, ‘तुमच्या पत्त्यांच्या वहीत कोण कोण आहे ते आधी आठवा.’ ते थोडा वेळ थांबले. डॉक्टर होते, वकील होते, जुन्या कचेरीतले ज्यांच्याशी वाद होऊन नोकरी गेली ते साहेबही होते. या सगळ्यांना आपल्या नावाने आमंत्रण जाऊ शकते हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतःच ‘नंतर’वर बोट ठेवले. पुढचा अर्धा तास आम्ही ज्या सात जणांना त्यांना खरोखर लिहायचे होते त्यांची नावे कागदावर काढण्यात घालवला.

अशा आमंत्रणांचा प्रश्न किती मोठा होता हे यावरून कळेल की, वापरकर्त्यांच्या नावाने पुन्हा पुन्हा स्मरणपत्रे पाठवल्याबद्दल लिंक्डइनवर अमेरिकेत सामुदायिक दावा झाला होता आणि २०१५ मध्ये तो १ कोटी ३० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. पासवर्डविषयीही मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. लिंक्डइनचे पासवर्ड २०१२ मध्ये चोरीला गेले तेव्हा आकडा सुमारे ६५ लाखांचा वाटला होता. २०१६ मध्ये उघड झाले की तो दहा कोटींच्याही वर होता. जो पासवर्ड येथे तो आणखी कोठेही वापरू नका, हे वाक्य मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी लावले आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाशी अगदी जोडलेली एक घटना २०१९ मध्ये घडली, आणि नव्या ग्रंथपालांना ती माहीत असावी असे मला कळकळीने वाटते. लिंडा डॉट कॉम ही शिकवण्यांच्या चित्रफितींची सेवा पुष्कळ ग्रंथालये आपल्या सभासदांसाठी घेत असत. सभासदाने कार्डाचा क्रमांक टाकायचा आणि शिकायला लागायचे. लिंक्डइनने ती कंपनी २०१५ मध्ये विकत घेतली. चार वर्षांनी असे जाहीर झाले की, यापुढे ग्रंथालयाच्या सभासदालाही ही सेवा वापरण्यासाठी लिंक्डइनवर प्रोफाइल करावे लागेल. म्हणजे हिशेबाचे काम शिकायला आलेल्या माणसाने आधी आपले नाव आणि नोकरीचा इतिहास एका व्यापारी कंपनीकडे द्यायचा, आणि काय शिकतो तेही त्याच नावाखाली नोंदले जाणार. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्या जुलैमध्ये जाहीर हरकत घेतली, अनेक ग्रंथालयांनी सेवा बंद करण्याची तयारी दाखवली, आणि पुढे ती अट मागे घेऊन ग्रंथालयाच्या कार्डावर प्रवेश देण्याची सोय झाली. ज्या ग्रंथपालांनी हे करून घेतले त्यांतल्या पुष्कळांची स्वतःची प्रोफाइल त्याच संकेतस्थळावर असतील, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. स्वतः जायचे की नाही हे त्यांनी स्वतः ठरवले होते. वाचकावर मात्र ती सक्ती होऊ दिली नाही.

म्हणून वाचकाच्या विनंतीविषयी मी जे करते तेच सांगते. मी ती स्वीकारत नाही. एका वाचकाशी जोडणी झाली म्हणजे तो आमच्याकडे येतो हे काही थेट सिद्ध होत नाही, हे खरे. पण एकाची स्वीकारली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि वर्षभरात माझ्या ओळखींची यादी पाहणाऱ्याला आमच्या सभासदांचा निम्मा पट तेथेच सापडेल. ती यादी इतरांपासून लपवण्याची सोय असली, तरी संकेतस्थळापासून ती लपत नाही. नकार देताना संकोच वाटतो, म्हणून ते पुढच्या खेपेला आले की मी प्रत्यक्ष बोलते: ‘तुमची विनंती पाहिली, बरं वाटलं, पण वाचकांची नावं मी अशा ठिकाणी जोडत नाही.’ आजवर कोणी रागावलेले नाही. एक आजी तर म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंस, मला वाटलं माझं काही चुकलं.’


नवीनोंद यांचा प्रतिसाद

वाचकाशी काल बोलले. त्यांनी हसून मान डोलावली आणि नव्या आलेल्या पुस्तकांची यादी मागितली.

प्रोफाइल मी ठेवले आहे, पण नव्याने लिहिले. कौशल्यांची यादी काढून टाकली आणि सध्या कोणत्या संग्रहावर काम करते व कोठे अडले आहे, हे चार वाक्यांत लिहिले. छायाचित्राच्या जागी काही ठेवलेले नाही. पत्त्यांची वही आत घेण्याची परवानगी दिलेली नव्हती, हे तपासून पाहिले तेव्हा जिवात जीव आला. मागचेकपाट यांनी सुचवल्याप्रमाणे कोहाच्या भाषांतराच्या कामासाठीही नाव दिले आहे. पहिला हप्ता देवघेवीच्या सूचनांचा आहे.

आणि त्या ज्येष्ठ बाईंना लिहिले. त्यांचे प्रोफाइल पाहून मी काही न लिहिताच परतले होते हे आधी सांगितले, मग त्रैमासिकाचे चारही टप्पे सनावळीसह लिहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, आणि पुढचे बोलणे ईमेलवर करू, असे त्यांनीच सुचवले. त्यांचे म्हणणे असे की, मुख्य नावात मोठा बदल झाला असेल तर प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करायची. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या साच्यात ७८० या क्षेत्रात आधीचे नाव आणि ७८५ मध्ये नंतरचे नाव देऊन साखळी पुरी करायची. पहिल्या नावावर परत आल्यानंतरचे अंक जुन्या नोंदीत घुसडायचे नाहीत, त्यांचीही वेगळी नोंद करायची. मग त्यांनी विचारले की तिसऱ्या नावाचा पहिला अंक तुमच्याकडे आहे का, कारण वर्णन त्यावरून व्हायला हवे. तो आमच्याकडे नाही. मी दुसऱ्या अंकावरून वर्णन करून तशी टीप दिली होती. त्यांच्या ग्रंथालयात तो अंक निघाला. आज सकाळी त्यांनी मुखपृष्ठाचे आणि आतल्या पहिल्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यात उपशीर्षकाचा एक शब्द दुसऱ्या अंकापेक्षा वेगळा आहे. नोंद दुरुस्त केली आणि टीप काढून टाकली.